यंत्र विकायचं नाही, भाड्याने द्यायचं

मागच्या आठवड्यात एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, निवडणूक आली की पत्रकं, असं त्याचं वीस-बावीस वर्षांचं काम. त्या दिवशी चेहरा उतरलेला. जुना कॉम्प्युटर बसला म्हणून नवा घेतला, आणि ज्या सॉफ्टवेअरवर इतकी वर्षं पोट भरलं ते नव्यावर सुरूच होईना. सीडी आहे, बॉक्स आहे, बिलसुद्धा फाइलला आहे. पण कंपनीने त्या जुन्या आवृत्तीची नोंदणी करणारा सर्व्हरच बंद करून टाकलाय. आता नवं घ्या, आणि तेही विकत नाही, दर महिन्याला पैसे भरून.

"अरे, दुकान माझं, मशीन माझं, फक्त अक्षरं भाड्याची," तो म्हणाला. आणि मग, "हे भाड्याचं खूळ इंटरनेट आल्यावरच निघालं ना?"

नाही. इंटरनेटच्या शंभर वर्षं आधी निघालं. त्यात आपल्या मुंबईचाही एक मोठा अध्याय आहे. तो बहुतेकांना 'जॉर्जनी आयबीएमला हाकललं' एवढ्या एका वाक्यात माहीत असतो, आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

सुरुवात अमेरिकेच्या जनगणनेपासून. १८८० च्या जनगणनेची आकडेमोड हाताने करता करता तिथल्या कारकुनांची बरीचशी दशवर्षं गेली. त्याच खात्यात काम केलेला हर्मन हॉलरिथ नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने कार्डाला भोकं पाडून माहिती साठवायची आणि विजेवर चालणाऱ्या यंत्राने ती भोकं मोजायची, अशी पद्धत काढली. १८९० ची जनगणना या यंत्रांवर झाली. सव्वासहा कोटी माणसं मोजली गेली, आणि एकूण आकडा तर काही आठवड्यांतच हातात आला. सरकार खूष.

पण हॉलरिथने ती यंत्रं सरकारला विकली नव्हती. भाड्याने दिली होती. पुढच्या जनगणनेलाही तेच. मग खात्याच्या नव्या प्रमुखाने हिशेब मांडला आणि त्याला वाटलं, हा माणूस आपल्याला लुटतोय. घासाघीस फिसकटली, आणि शेवटी जनगणना खात्याने स्वतःच्याच कार्यशाळेत स्वतःची यंत्रं बनवायला घेतली. लक्षात घ्या, सरकारकडे तसं करायची ऐपत होती. सगळ्यांकडे नसते.

हॉलरिथची कंपनी १९११ साली आणखी दोन कंपन्यांबरोबर एकत्र झाली. १९१४ ला तिथे थॉमस वॉटसन नावाचा पट्टीचा विक्रेता आला, आणि १९२४ ला कंपनीचं नाव ठेवलं इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स. आयबीएम. वॉटसनने हॉलरिथची भाड्याची रीत उचलली आणि तिचं एक शास्त्रच करून टाकलं.

त्यातला हिशेब समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. समजा एक यंत्र बनवायला लाख रुपये लागले आणि महिन्याचं भाडं अडीच हजार. चाळीस महिन्यांत खर्च वसूल. त्यानंतर यंत्र गिऱ्हाइकाकडे जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं येणारा पैसा, थोडी देखभाल सोडली तर निव्वळ नफा. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सगळ्यात प्रिय यंत्र कुठलं? नवं नाही. पैसे वसूल झालेलं आणि अजून चालू असलेलं जुनं यंत्र. आणि सगळ्यात मोठा शत्रू कोण? त्या जुन्या यंत्राला निकामी करणारं नवं यंत्र, मग ते दुसऱ्याचं असो की आपलं स्वतःचं.

याच्या जोडीला कार्डं. यंत्र भाड्याने घ्या, पण त्यात घालायची कोरी कार्डं आमच्याकडूनच विकत घ्यायची, अशी करारातच अट. १९३० च्या दशकात आयबीएम वर्षाला सुमारे ३०० कोटी कार्डं विकत होती. कागदाचे तुकडे हो, बाकी काही नाही. अमेरिकन सरकारने कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनी म्हणाली, दुसऱ्याची कार्डं वापरली तर आमचं नाजूक यंत्र बिघडेल, आमचं नाव खराब होईल. पण गंमत अशी की सरकारी खात्यांना याच कंपनीने स्वतःची कार्डं वापरायची परवानगी दिलेली होती, फक्त भाडं १५ टक्के जास्त लावून. म्हणजे यंत्र बिघडण्याच्या भीतीवर १५ टक्क्यांचा उतारा होता तर! १९३६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती अट बेकायदा ठरवली. कार्ड कसं हवं त्याची मापं सांगा, पण कोणाकडून घ्यायचं ते सांगू नका.

(तुमच्या प्रिंटरने कधी 'ही शाई आमची नाही' म्हणून काम बंद केलं असेल, तर हा निकाल आठवा.)

पुढचा टप्पा १९५६. सरकारशी झालेल्या समझोत्यात आयबीएमने कबूल केलं की यंत्रं भाड्याने देऊ तशी विकूही, आणि विकायच्या अटी मुद्दाम जाचक ठेवणार नाही. सुटे भागही इतरांना मिळतील. म्हाताऱ्या वॉटसनला हे अजिबात पटलं नव्हतं. सही मुलाच्या, धाकट्या वॉटसनच्या काळात झाली. त्या एका कागदाने अमेरिकेत जुन्या यंत्रांचा बाजार आणि दुरुस्ती करणाऱ्या बाहेरच्या कंपन्या उभ्या राहायला जागा झाली.

अमेरिकेत. कागदाची हद्द तिथेच संपत होती.

आता १४०१. ऑक्टोबर १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला. भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरपासून पुढे. मोठ्या कंपन्यांपुरता असलेला कॉम्प्युटर यामुळे मध्यम कंपन्यांच्याही आवाक्यात आला. दहा हजारांच्या वर यंत्रं बाजारात गेली. त्याची मेमरी जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची. ही पोस्ट त्यात कशीबशी मावली असती आणि मग दुसरं काही करायला फारशी जागा उरली नसती. पण त्या काळात पगारपत्रकं, वीजबिलं, गोदामाचे हिशेब यांना तेवढं पुरत होतं.

१९६३ च्या डिसेंबरात हनीवेल नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने एक यंत्र आणलं. १४०१ पेक्षा वेगवान, आणि १४०१ साठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालवून देणारी सोय बरोबर. त्या सोयीचं नावच 'लिबरेटर', मुक्तिदाता! १४०१ चे गिऱ्हाईक हलायला लागले. चार महिन्यांत, ७ एप्रिल १९६४ ला, आयबीएमने सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली. तयारी बरीच आधीपासून होती, पण घोषणेची घाई हनीवेलने लावली. स्वतःच्याच पोटच्या १४०१ वर सुरी चालवायला कंपनी तयार झाली, कारण नाही चालवली तर दुसरा चालवणार होता.

अमेरिकन गिऱ्हाइकांनी १४०१ परत केले आणि ३६० घेतले. भाड्याचं यंत्र परत कोणाकडे येणार? मालकाकडे. आयबीएमच्या गोदामात आता पैसे केव्हाच वसूल झालेली, पण धडधाकट चालणारी यंत्रं येऊन पडायला लागली.

त्यांचं करायचं काय?

इथे मुंबई येते. आयबीएम भारतात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. मुंबईत कारखाना टाकला, कार्ड पंच करायची आणि लावायची यंत्रं तिथे बनत. देशातला पहिला १४०१ बसला १९६१ साली, मुंबईतच, एस्सो या तेलकंपनीत. त्यानंतर रेल्वे, मोठे कारखाने, सरकारी खाती यांच्याकडे १४०१ यायला लागले. यातले कित्येक परदेशात वापरून झालेले. मुंबईच्या कारखान्यात आणून, झाडूनपुसून, दुरुस्त करून भाड्याने दिलेले. भाडं मात्र वापरलेल्या मालाचं नव्हे. नव्या यंत्राला शोभेल असं. अमेरिकेत १९७१ च्या सुरुवातीला १४०१ कंपनीच्या यादीतून अधिकृतपणे निघाला. आपल्याकडे तो त्यानंतरही भाडं कमावत होता, आणि नफ्याचा भाग परकीय चलनात बाहेर जात होता. ज्या काळात एखादं पुस्तक परदेशातून मागवायला रिझर्व्ह बँकेचं दार ठोठवावं लागायचं, त्या काळाची ही गोष्ट. १९७५-७६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांमधल्या कॉम्प्युटरांची चौकशी केली तेव्हा या प्रकारावर कडक ताशेरे ओढले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट म्हणजे नुसतं भाषण होईल. आयबीएमचं म्हणणं होतं, तुमचं काम पगार आणि बिलांचं. त्याला १४०१ पुरेसा आहे. महागडा ३६० घेऊन तुमचंच परकीय चलन जाईल. हे म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. यंत्र बंद पडलं की त्यांचा इंजिनिअर टाय लावून तासाभरात हजर होई, ही आठवण त्या काळी कॉम्प्युटर विभागात काम केलेली मंडळी आजही सांगतात. हजारो लोकांना त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकवलं. पण शिकवलं काय? १४०१ ची भाषा, ऑटोकोडर. एकदा कंपनीचे सगळे प्रोग्रॅम त्या भाषेत लिहिले, माणसं तीच शिकली, की दुसऱ्याचं यंत्र घ्यायचं म्हणजे अख्खा विभाग नव्याने उभा करायचा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला 'मुक्तिदाता' मिळाला. आपल्याला तशी स्पर्धा मिळाली नाही.

मला यात कटकारस्थान दिसत नाही. मुंबईतल्या कुठल्या साहेबाने 'या लोकांना मागास ठेवा' असं ठरवलं असेल असं मुळीच वाटत नाही. त्याने फक्त वरचा चाळीस महिन्यांचा हिशेब मांडला असेल. जिथे प्रतिस्पर्धी आणि कायदा दोन्ही मानगुटीवर, तिथे नवं यंत्र. जिथे दोन्ही नाहीत, तिथे जुनं. तीच कंपनी, तोच टाय.

त्या वेळी मुंबईत काय चाललं होतं तेही मजेशीर आहे. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा कॉम्प्युटर बांधला होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. म्हणजे बांधता येत होतं. पण एक यंत्र बांधणं वेगळं आणि देशभर शंभर ठिकाणी ते चालू ठेवणं वेगळं. पवईच्या आयआयटीत रशियाचा मिन्स्क होता. आणि कचेऱ्यांमध्ये कामगार संघटनांचा कॉम्प्युटरला कडवा विरोध होता, नोकऱ्या जातील म्हणून. त्यावर सरकारने पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली ऑटोमेशन समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ ला आला. कॉम्प्युटर हवा की नको यावर रस्त्यावर एवढी भांडणं झाली, पण आलेला कॉम्प्युटर कितव्या हाताचा, भाडं कशाच्या हिशेबाने आणि दुरुस्तीची किल्ली कोणाच्या खिशात, हे प्रश्न मोर्चात फारसे नव्हते. ते दिल्लीच्या फायलींत होते.

फायलींत मात्र ते बरेच आधीपासून होते. होमी भाभांच्या समितीने १९६६ मध्येच इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वावलंबनाचा आराखडा दिला होता. १९७० नंतर दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं खातं आणि आयोग झाला, त्याचे प्रमुख एम. जी. के. मेनन, टीआयएफआरचेच. हैदराबादच्या ईसीआयएलने देशी छोटे कॉम्प्युटर बनवायला घेतले. आणि १९७३ ला इंदिरा गांधींच्या सरकारने 'फेरा' कायदा केला. परदेशी कंपनीने भारतातल्या धंद्यातला आपला हिस्सा साधारण ४० टक्क्यांवर आणावा. जॉर्ज तेव्हा मंत्री नव्हते. रेल्वे संपाच्या तयारीत होते.

आयबीएमशी बोलणी वर्षानुवर्षं चालली. कंपनीने निरनिराळे तोडगे दिले, निर्यात वाढवतो म्हणाली, काही भाग वेगळा काढून त्यात भारतीय भागीदार घेतो म्हणाली. पण मुख्य धंद्यात १०० टक्के मालकी सोडायला तयार नव्हती. का? पुन्हा हिशेब. भारताचा धंदा त्यांच्या जगभरच्या पसाऱ्यात चिमूटभर. इथे मालकी सोडली की उद्या दुसरा देश तेच मागणार. चिमूट वाचवायला पसारा कोण धोक्यात घालेल? ब्रिटनच्या आयसीएलचा हिशेब वेगळा निघाला. तिने हिस्सा कमी केला आणि राहिली, तिचा कारखाना आपल्या पुण्यातच होता. अमेरिकेच्या बरोज कंपनीने टाटांशी भागीदारी केली.

१९७७ ला जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि वर्षाच्या शेवटी आयबीएमने जाहीर केलं की आम्ही जातो. १९७८ च्या जूनपर्यंत गेली. कोका-कोला त्याच सुमारास गेली, म्हणून दोन्ही गोष्टी एकात एक मिसळल्या आणि श्रेय-अपश्रेय एकट्या जॉर्जच्या नावावर पडलं. मुंबईचा लाडका बंडखोर, गोष्ट त्याच्या नावाने सांगायला बरी वाटते. पण कायदा आधीच्या सरकारचा, फाइल मेनन आणि मंडळींची, आणि जाण्याचा निर्णय खुद्द कंपनीचा.

मग देशातले १४०१ बंद पडले का? नाही. सरकारने १९७५ सालीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, काढून ठेवली होती. टिफ्रॅकवाले नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. आयबीएमचे कित्येक इंजिनिअर तिथे आले आणि यंत्रं चालू राहिली. जुन्या यंत्राची दुरुस्ती मूळ कंपनीशिवाय होऊ शकते हे तेव्हा सिद्ध झालं. कारण साधं होतं. यंत्र समोर होतं, तारा हाताला लागत होत्या, आणि ते सुरू करायला परदेशातल्या कुठल्या सर्व्हरला विचारावं लागत नव्हतं.

आता सॉफ्टवेअर, म्हणजे माझ्या मित्राचा खरा प्रश्न. जून १९६९ पर्यंत आयबीएमच्या सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नसायची. भाड्यात सगळं आलं. वरवर फुकट, पण त्यामुळे दुसऱ्या कोणाला सॉफ्टवेअर विकणं जवळजवळ अशक्य. फुकटाशी स्पर्धा कशी करणार? जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने पुन्हा मक्तेदारीचा खटला भरला. तो तेरा वर्षं चालून १९८२ ला मागे घेतला गेला. पण त्याच्याच सावलीत, खटला भरल्यावर पाच महिन्यांत, कंपनीने सॉफ्टवेअरचे दर वेगळे केले. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकायची वस्तू म्हणून मोठी झाली ती इथून.

आपल्याकडचा धंदाही याच बदललेल्या बाजारात वाढला. टीसीएस मुंबईत १९६८ ची, फकीरचंद कोहलींनी ती बरोजच्या कामावर निर्यातीकडे वळवली. पटनी, आणि पटनीतून बाहेर पडलेल्यांनी १९८१ ला पुण्यात नोंदवलेली इन्फोसिस. इन्फोसिसकडे पहिली दोन वर्षं स्वतःचा कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. माणसं अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या यंत्रावर जाऊन काम करायची. आयबीएमची यंत्रं महिन्याच्या भाड्याने चालायची, आमच्या कंपन्यांनी माणसं तासाच्या दराने दिली. हिशेबाची वही थोडीफार तीच. फक्त या वेळी वही आपल्या हातात होती, म्हणून आपल्याला ती खटकली नाही. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांचे हप्ते त्या वहीतून फिटले, माझ्या नात्यातलेही.

१९९२ मध्ये आयबीएम परत आली. टाटांना भागीदार घेऊन. चौदा वर्षांपूर्वी जे अजिबात चालणार नव्हतं ते आता चालणार होतं, कारण बाजार मोठा दिसायला लागला होता.

आणि विकत घ्यायचं सॉफ्टवेअर? ते साधारण तीस-चाळीस वर्षं टिकलं. फ्लॉपी, सीडी, बॉक्स, बिल. त्या पद्धतीत कंपनीची अडचण एकच, जुनं नीट चालत असलं की गिऱ्हाईक नवं घेत नाही. माझा मित्र पंधरा वर्षं एकाच सीडीवर बसला होता, म्हणजे कंपनीच्या वहीत तो पंधरा वर्षं शून्य होता. गेल्या दहा-बारा वर्षांत इंटरनेट घरोघर आलं आणि ती अडचण सुटली. हॉलरिथला यंत्र परत न्यायला गाडी पाठवावी लागली असती. आता सर्व्हरचं एक बटण पुरतं.

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि विचारलं, "म्हणजे १९५६ सारखा कागद आपल्याकडे कोणी करणार आहे का?" मी म्हटलं, ग्राहक मंचात जाऊन बघ, बिल आहे तुझ्याकडे. तो म्हणाला, लग्नसराई संपू दे.

तोवर त्याने एक जुगाड केलाय. बसलेला जुना कॉम्प्युटर कोपऱ्यावरच्या पोराकडून साडेतीन हजारात दुरुस्त करून घेतला. इंटरनेटची वायर काढून ठेवलीय, चुकून अपडेट व्हायला नको म्हणून. पत्रिका त्यावर होतात. पेनड्राइव्हने फाइल नव्या मशीनवर नेतो आणि तिथून छापतो. वायरच्या जागी खळ चिकटवलेली कागदाची पट्टी आहे, तिच्यावर लाल पेनाने लिहिलंय: 'इथे काही लावू नये.'